स्वतःचं वजन, दहा वेळा, तीन फेऱ्या

चिठ्ठी चारच ओळींची होती. पण चार ओळींचा कागद माणसाला कुठल्या कुठे नेऊन सोडतो हे मापकाकांना कुणी सांगायला नको होतं. सव्वीस वर्षं ते स्वतःच असले कागद लोकांच्या हातात ठेवत आले होते.

मापकाका म्हणजे वजनमापे खात्यातले निरीक्षक. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर असेल तेवढंच, इमारतीत लहानथोर सगळे त्यांना मापकाकाच म्हणत. दुकानाच्या दारात उभं राहिलं की आतला तराजू कुठल्या बाजूला झुकतो ते आपल्याला कळतं, असं ते सांगत. दुकानदारही तसंच सांगत, पण वेगळ्या सुरात. एकदा एका कापडवाल्याच्या तोंडून 'वीतभर जास्तच देतो हो' एवढं निघालं, तर काकांनी त्याला उभं करून अर्धा तास 'वीत हे कायदेशीर माप नाही' या विषयावर ऐकवलं होतं. बिचारा त्यानंतर गिऱ्हाइकाशी बोलतानासुद्धा हात पाठीमागे बांधून बोलायचा.

आणि या माणसाच्या घरातच बेकायदेशीर मापांचा अड्डा! काकू शिवणकाम करायच्या. गळ्यात टेप असायची, पण ती दागिन्यासारखी. बाकी सगळा कारभार बोटांवर. "इथे चार बोटं सोड, तिथे वीतभर घे, खाली दुमडीला दोन बोटं ठेव." आणि कपडा असा बसायचा की गिऱ्हाईक आरशासमोरून हलायचं नाही. काकांनी लग्नानंतर पहिली दोन वर्षं हरकत घेतली, मग खात्याच्या हद्दीत घर येत नाही अशी स्वतःची समजूत घातली.

या दोघांची मुलगी बारा वर्षांची. पायच पाय, म्हणून तिला टिटवी म्हणत. टिटवी उंच उडी मारायची, आणि चांगली मारायची. दीड महिन्यावर निवडचाचणी होती. मैदानावरच्या बाई, म्हणजे तिच्या प्रशिक्षक, काकांना एकदाच भेटल्या होत्या. बाई उंचीने काकांच्या खांद्याला लागायच्या आणि बोलायच्या तारेसारखं. "उडी सुरेख. टेकताना गुडघा आत वळतो. ताकद कमी. वाढत्या वयात गुडघा गेला तर उडी गेली. व्यायाम लिहून देते."

गुडघा गेला तर, हे शब्द काकांच्या डोक्यातून जाईनात. पोरगी झोपेतसुद्धा पाय उचलते, तिची उडी जायची म्हणजे काय! त्या दिवशी घरी येताना त्यांनी मनाशी ठरवून टाकलं, की व्यायाम शंभर टक्के नियमाने होणार आणि त्यात कसूर झाली तर जबाबदार आपण.

दुसऱ्या दिवशी टिटवीने चिठ्ठी आणली.

'आठवड्यातून दोन दिवस. स्वतःचं वजन. दहा वेळा, तीन फेऱ्या.
समोर मोठं माणूस हवंच.
आधी नीट, मग जास्त.
घाई नको.'

काकांनी ती दोनदा वाचली. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली.

"स्वतःचं वजन उचलायचं?"

"हो, म्हणजे बाबा, ते असं असतं की..."

"थांब." काकांनी हात वर केला. "कागदावर आहे ते पुरे. वजनाच्या बाबतीत या घरात अर्थ सांगायचा झाला तर कोणी सांगायचा?"

"तुम्ही. पण बाबा..."

"झालं तर मग."

आता इथे पोरीचं ऐकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि तुमचाही वेळ वाचला असता. पण सव्वीस वर्षं वजन या शब्दाशी संसार केलेल्या माणसाला वजनाचा अर्थ बारा वर्षांची मुलगी सांगणार? काकांनी कपाटातून तपासलेला, शिक्का मारलेला काटा काढला, टिटवीला चपला काढून त्यावर उभं केलं, खिशातून रुमाल आणि दोन बोरांएवढे गोटे काढायला लावले आणि वहीत नोंद केली: चौतीस किलो दोनशे ग्रॅम.

वही नवीन होती. वरच्या पानावर 'शक्तिसंवर्धन नोंदवही' असं ठळक लिहून खाली रेघ मारली होती. रेघ दोनदा मारली होती.

टिटवीने स्वयंपाकघरात जाऊन आईच्या कानात काहीतरी सांगितलं. आतून हसण्याचा आवाज आला. काकांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

प्रश्न होता चौतीस किलो दोनशे ग्रॅम लोखंड आणायचं कुठून. बाजारात मागितलं असतं तर दुकानदारांनी डोक्यावरून आणून दिलं असतं, पण निरीक्षकाने दुकानदाराकडून सुतळीचा तोडासुद्धा घेऊ नये हा काकांचा बाणा. कार्यालयाच्या गोदामात मात्र जुनी लोखंडी वजनं धूळ खात पडली होती. इलेक्ट्रॉनिक काटे आल्यापासून त्यांना कोणी विचारत नव्हतं. काकांनी रीतसर अर्ज केला, तीन प्रतींत. विषय: तात्पुरत्या उसनवारीवर लोखंडी वजने मिळणेबाबत.

गोदामवाल्याने अर्ज उलटासुलटा करून पाहिला. "कारणाचा रकाना मोकळा आहे."

"मुलीसाठी," काका म्हणाले.

"असं कारण यादीत नाही. यादीत 'तपासणी', 'प्रदर्शन' आणि 'न्यायालयीन पुरावा' एवढंच आहे. यातलं मुलगी कशात बसते?"

काकांनी बराच विचार करून 'प्रदर्शन' लिहिलं. पुढे निवडचाचणीत उडी मारायची म्हणजे एका अर्थी प्रदर्शनच. अर्ज वरच्या साहेबांकडे गेला. वरच्या साहेबांनी 'प्रदर्शनाचे स्थळ?' असं विचारून परत पाठवला. काकांनी 'बाल्कनी' लिहिलं. तो परत आला, प्रेक्षकसंख्या विचारत. पाचव्या दिवशी काका गोदामवाल्यासमोर जाऊन बसले आणि म्हणाले, "अरे, सव्वीस वर्षं आहे मी इथे. एवढंसुद्धा होत नाही माझ्यासाठी?"

गोदामवाला खरोखरच हळहळला. "काका, राग मानू नका. पण चौतीस किलो सुटण्याइतकं वजन नाही हो तुमचं ऑफिसात."

हे वाक्य काकांच्या फार जिव्हारी लागलं. पुढचे दोन दिवस त्यांनी एकाही दुकानदाराला धारेवर धरलं नाही. शेवटी प्रेक्षकसंख्या तीन असं लिहिल्यावर अर्ज अकराव्या दिवशी मंजूर झाला.

त्या अकरा दिवसांत टिटवीने आणखी दोनदा तोंड उघडलं होतं. एकदा जेवताना: "बाबा, बाईंनी सांगितलंय की लोखंड..." तेव्हा काका म्हणाले, "येतंय, येतंय, धीर धर." दुसऱ्यांदा काका अर्जाची चौथी दुरुस्ती करत होते आणि त्यांनी नुसतंच तिच्याकडे पाहिलं. त्यानंतर तिने नाद सोडला.

लोखंड मिळालं तर इमारतीच्या सचिवांनी जिन्यातच अडवलं. सचिव पहिल्या मजल्यावर राहायचे आणि दार नेहमी वीतभर उघडं ठेवून बसायचे. (वीत हा शब्द आमचा, काकांचा नव्हे.)

"काय आहे पोत्यात?"

"वजन."

"कोणाचं?"

"मुलीचं."

सचिवांचा चेहरा पांढराफटक पडला. उलगडा होईपर्यंत काकांसोबत वजनं उचलून आणणारे कार्यालयातले दोन शिपाई पायऱ्यांवर बसले आणि त्यांनी बूट काढले. मग सचिवांनी नियमावली आणली. बाल्कनीत जड वस्तू ठेवायची तर सभेची परवानगी लागते. "आज तुम्ही चौतीस किलो आणलंत..."

"दोनशे ग्रॅम धरून."

"उद्या प्रत्येक बिऱ्हाडाने स्वतःचं वजन वर न्यायचं ठरवलं तर इमारतीचं काय होईल?"

"अहो, ते रोज नेतातच की जिन्यावरून!" दोघांतला एक शिपाई पायरीवरून म्हणाला.

किती शहाणा माणूस! पण तेव्हा त्याचं कोणी ऐकलं नाही. काकांनी तिथल्या तिथे अर्ज लिहून दिला, आणि हा अर्ज तीन प्रतींत हवा असं सचिवांनी सांगितल्यावर आयुष्यात पहिल्यांदा त्यांना दुकानदारांचं दुःख कळलं.

रविवारी सकाळी सगळं सिद्ध झालं. वीस किलोचं एक, दहाचं एक, दोनाची दोन आणि दोनशे ग्रॅमचं एक, अशी वजनं जाड पोत्यात रचून पोत्याला दोन्हीकडे कातडी मुठी शिवून घेतल्या होत्या. त्या काकूंनीच शिवून दिल्या, एक शब्द न बोलता. त्यांच्या न बोलण्यात बरंच काही होतं, पण न बोललेलं नोंदवहीत लिहिता येत नाही. काकांनी टिटवी अंथरुणातून उठल्याउठल्या दाराच्या चौकटीला उभी करून तिची उंची घेतली. एकशे बावन्न पूर्णांक चार सेंटिमीटर. पोलादी टेप उन्हाने वाढते म्हणून खोलीचं तापमानही लिहिलं: सत्तावीस अंश. असा काटेकोर माणूस!

"आता बघ," ते म्हणाले, "आधी मी दाखवतो. पाठ ताठ, नजर समोर, श्वास..."

श्वासापर्यंत ते गेले. पुढे काय झालं ते बाल्कनीतल्या कुंड्यांनी पाहिलं. पोतं जागचं हललं नाही, पण काकांच्या कमरेत काहीतरी खटकन हललं आणि ते वाकलेल्या स्थितीत तसेच राहिले. बराच वेळ राहिले.

"बाबा?"

"काही नाही. पोत्याची शिवण तपासतोय."

"आईने शिवलीय."

"म्हणूनच."

तो सगळा दिवस काका घरात वाकून काहीतरी शोधत होते. काय शोधताय असं काकूंनी विचारलं तेव्हा पेन म्हणाले. पेन कानावर होतं. मग काकूंनी गरम पाण्याची पिशवी आणून मुकाट्याने त्यांच्या कमरेला बांधली आणि वर म्हणाल्या, "सापडलं की सांगा."

व्यायामाचे दिवस मंगळवार आणि शुक्रवार. काका त्या वेळी कामावर, म्हणून समोरचं मोठं माणूस म्हणून काकूंची नेमणूक झाली. मंगळवारी काका घरी आले ते दारातूनच विचारत.

"झालं?"

"झालं," टिटवी म्हणाली. कपाळावर घाम होता, गाल लाल झाले होते.

"किती वजन?"

"स्वतःचं."

"किती वेळा?"

"दहा वेळा. तीन फेऱ्या."

काकांनी तोंडात बोटं घालायची तेवढी बाकी ठेवली. जे पोतं आपल्याला तसूभर हललं नाही (तसू हेही माप बेकायदेशीर, पण त्या क्षणी त्यांना भान नव्हतं), ते ही काटकुळी पोरगी तीस वेळा उचलते! आता खरं तर इथे कोणालाही शंका यावी. काकांना आलीही असती. पण शंका विचारायची म्हणजे पोतं आपल्याला हललं नाही हे आधी कबूल करायला हवं, आणि ते काही त्यांच्याने होईना. त्यांनी वहीत लिहिलं: ३४.२०० × १० × ३. आणि गुपचूप कमरेला हात लावला.

कार्यालयात मात्र त्यांचा भाव वधारला. "आमची टिटवी, स्वतःचं वजन, तीस वेळा," असं ते चहाच्या वेळी सहज बोलल्यासारखं बोलायचे. गोदामवाला उठून उभा राहिला. वरच्या साहेबांनी विचारलं, "तुमच्याकडे खातात काय?" काका दोन आठवडे ताठ मानेने हिंडले. मान ताठ होती, बाकी कंबर अजून वाकडीच होती.

त्या कमरेपायीच ते शेजारच्या कंपाउंडरकडे गेले. कंपाउंडर आता निवृत्त झाले होते, पण त्यांचा सल्ला निवृत्त झाला नव्हता. मलम चोळता चोळता त्यांनी सगळी हकीकत काढून घेतली, आणि चोळणारा हात मध्येच थांबला.

"लोखंड? बारा वर्षांच्या मुलीला? अहो काका, काय केलंत हे!"

"का? काय झालं?"

"लहानपणी वजन उचललं की उंची खुंटते. साऱ्या जगाला माहितेय. माझ्या मेव्हण्याचा मुलगा घ्या. गोणी उचलायचा. राहिला तेवढाच."

"मेव्हणा किती उंच आहे?" काकांनी क्षीण आवाजात विचारलं.

"तोही तेवढाच. पण त्याचा इथे काय संबंध?"

संबंध होता, पण काकांच्या डोक्यात तो शिरला नाही. उंच उडी मारणाऱ्या मुलीची उंची खुंटली! गुडघा वाचवायला गेलो आणि सगळी पोरच आखूड करून बसलो! ते मलम अर्धवट टाकून घरी आले. शुक्रवारची संध्याकाळ होती. टिटवी मैदानावरून येऊन, व्यायाम करून नुकतीच टेकली होती. काकांनी तिला चौकटीला उभी केली, टेप लावली, आणि आकडा वाचला.

एकशे एक्कावन्न पूर्णांक पाच.

पुन्हा मोजलं. एक्कावन्न पूर्णांक पाच. टेप बदलली, काकूंच्या गळ्यातली घेतली. तेच. नऊ मिलिमीटर! वाढ थांबली असती तर एक वेळ समजलं असतं, इथे तर पोरगी कमी झाली होती. दर आठवड्याला साडेचार मिलिमीटर या हिशेबाने ती शाळा संपेपर्यंत कुठे जाऊन पोचेल याचा त्यांनी मनात गुणाकार केला आणि मध्येच सोडून दिला.

"बाबा, काय झालं? वाढले ना मी?"

"हो, हो," काका म्हणाले. सव्वीस वर्षांत त्यांनी माप खोटं सांगितलं ते हे पहिलंच. नोंदवहीत मात्र त्यांचा हात धजेना. तो रकाना मोकळाच राहिला. आपण आपल्या हाताने आपल्या लेकीचं वाटोळं केलं, या विचाराने त्यांना जेवण गेलं नाही. काकूंना सांगावं असं तीनदा मनात आलं, पण 'तुमचं वजन, तुमची मापं' असं त्या म्हणतील, ही भीती आडवी आली.

शनिवारी सकाळी बाई मैदानावर आडवी दांडी पुसत होत्या. काका नोंदवही छातीशी धरून त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. उभे म्हणजे त्यांना जमेल तसे.

"बाई, मला काय शिक्षा द्यायची ती द्या. टिटवीची उंची नऊ मिलिमीटरनी घटली आहे. माझ्यामुळे."

बाईंनी फडकं खाली ठेवलं. "म्हणजे?"

काकांनी सगळं सांगितलं. काटा, अर्ज, गोदाम, सचिव, पोतं, मुठी, तीस वेळा. कंबर तेवढी वगळली, पण ती दिसतच होती. बाई ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा कडक झाला.

"चौतीस किलो? या वयाच्या मुलीला? कोणी सांगितलं?"

काकांनी वहीतून चिठ्ठी काढली आणि बोट ठेवलं. "तुम्हीच. स्वतःचं वजन."

बाईंनी चिठ्ठी पाहिली. काकांकडे पाहिलं. परत चिठ्ठी पाहिली. मग त्या खाली मॅटवर बसल्या आणि तारेसारखं बोलणाऱ्या त्या बाई इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की पलीकडे धावणारी मुलं थांबली.

"अहो, स्वतःचं वजन म्हणजे स्वतःच्या अंगाचं! जोर काढायचे, उठाबशा काढायच्या, पायरीवर एका पायाने चढायचं, हातांवर आणि चवड्यांवर फळीसारखं ताठ राहायचं. आपलं अंग हेच वजन. लोखंड हातात नकोच सध्या. म्हणून तर तसं लिहिलं!"

काकांनी वही उघडून नोंदी दाखवल्या.

"पण ती... ती तर दर वेळी सांगते..."

"काय सांगते?"

"स्वतःचं वजन. दहा वेळा. तीन फेऱ्या."

"मग बरोबरच सांगते. दर आठवड्याला इथे तपासते मी. पहिल्या आठवड्यापासून करतेय. गुडघा बघा कसा सरळ यायला लागलाय. समोर आई असते म्हणाली. काका, तिने पोत्याला हात लावताना तुम्ही पाहिलंत?"

काकांनी आठवून पाहिलं. पोत्याला हात लावताना त्यांनी फक्त एकाच माणसाला पाहिलं होतं, आणि तो माणूस ते स्वतः होते.

त्यांचा जीव अर्धा भांड्यात पडला. अर्धा वरच राहिला. "पण मग नऊ मिलिमीटर?"

"पहिल्यांदा कधी मोजलंत?"

"रविवारी. सत्तावीस अंश."

"वेळ विचारतेय मी."

"सकाळी. उठल्याउठल्या."

"आणि काल?"

"संध्याकाळी. मैदानावरून आल्यावर..."

"दिवसभर उभं राहून, उड्या मारून मणके दबतात. संध्याकाळी माणूस सकाळपेक्षा सेंटिमीटरभर कमीच भरतो. तुम्ही, मी, सगळेच. रात्री झोपलं की परत तेवढाच होतो." बाई उठल्या. "आणि उंची खुंटते म्हणतात ना, नीट शिकवून, मोठ्यांच्या नजरेसमोर, झेपेल तेवढं केलं तर काही खुंटत नाही. उलट सांधे सांभाळले जातात. बिघडतं ते कधी? कोणी शिकवायला नसताना भलतं जड उचललं की. तुमच्यासारखं." त्यांनी काकांच्या कमरेकडे पाहिलं. "दाखवा कोणाला तरी. कंपाउंडर सोडून."

मोजणीची वेळ! तापमान लिहिलं आणि वेळ लिहिली नाही! एखाद्या दुकानदाराने असं केलं असतं तर काकांनी त्याला उभा सोलला असता. पण त्या सकाळी त्यांना स्वतःचा राग आला नाही, कोणाचाच आला नाही. पोर शाबूत होती. चौतीस किलो दोनशे ग्रॅम, डोक्यापासून टाचेपर्यंत, सगळीच्या सगळी. मैदानातून बाहेर पडताना त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं. फाटकावरच्या रखवालदाराने काय झालं विचारलं तर म्हणाले, "काही नाही हो, काही झालं नाही. काहीसुद्धा झालं नाही!"

घरी आल्यावर ते सरळ बाल्कनीत गेले. पोत्यावर कुंडी होती. कुंडीखाली पोत्याला गोल डाग पडला होता, म्हणजे ती बरेच दिवस तिथे होती. पोत्यात हात घातला तर दोन किलोची दोन्ही वजनं गायब. ती काकूंच्या टेबलावर सापडली, बेतलेलं कापड सरकू नये म्हणून दोन टोकांना ठेवलेली. दोनशे ग्रॅमच्या वजनाखाली गिऱ्हाइकांच्या मापांचे कागद होते.

"तुला माहीत होतं," काका म्हणाले.

"मला चिठ्ठी वाचता येते," काकू म्हणाल्या. मशीन थांबलं नाही.

"मग सांगितलं का नाहीस?"

"पोरीने तीनदा सांगितलं की. मी म्हटलं, तुम्हाला समजावण्यात जेवढा वेळ जाईल तेवढ्यात तिच्या तीन फेऱ्या होतात. लोखंड काही आपणहून तिच्या अंगावर येत नव्हतं." मग त्यांनी वर पाहिलं, नवऱ्याचे डोळे बघितले आणि पाय मशीनवरून काढला. "अहो, तुम्ही काल जेवला नाहीत ते यासाठी?"

काकांनी मान हलवली. "मला वाटलं, माझ्यामुळे तिची उंची खुंटली."

काकूंना आधी हसू आलं, पण त्या हसल्या नाहीत. त्यांनी खुंटीवरची टिटवीची व्यायामाची विजार काढली आणि तळाची दुमड उलटून दाखवली. कापडावर जुन्या शिवणीची पुसट रेघ होती, आणि शिवण त्या रेघेच्या बरीच खाली उतरली होती.

"शाळा सुरू झाली तेव्हा शिवलेली. परवा सोडली. खुंटली म्हणे!"

काकांनी त्या रेघेवरून अंगठा फिरवला. मग परत फिरवला.

मंगळवारी ते कार्यालयातून अर्धा दिवस सुट्टी घेऊन घरी आले. काकूंच्या अंगावर काम पडलं होतं, त्यामुळे समोरचं मोठं माणूस आता ते. ते खुर्ची घेऊन बसले, वही उघडली, वेळ लिहिली. टिटवीने जोर काढायला सुरुवात केली. पाठ सरळ, कोपर आत, सावकाश खाली, सावकाश वर. सातव्याला कंबर जरा खचली तशी ती आपणहून थांबली.

"तीन राहिले," काका म्हणाले.

"आधी नीट, मग जास्त," टिटवी म्हणाली. श्वास घेऊन तिने उरलेले तीन काढले. मग मांडी घालून बसली. "बाबा, आता तुम्ही."

"माझी कंबर बरी झाली की."

"कंबर बरी झालीय. काल तुम्ही सचिवांच्या मागे जिन्यावरून पळालात, सभेची परवानगी परत करायला."

पोतं सोमवारीच गोदामात परत गेलं होतं. गोदामवाल्याने पावतीवर 'प्रदर्शन संपले' असा शेरा मारला होता. तेव्हा आता कारण उरलं नाही. काका गुडघे टेकून, हात रोवून खाली गेले. वर येणं हा वेगळाच विषय होता. टिटवी जमिनीवर पालथी पडून त्यांच्या चेहऱ्यासमोर चेहरा आणून म्हणत होती, "घाई नको, बाबा, घाई नको," आणि आतलं काकूंचं मशीन थांबलं होतं. काका थरथरत, लालबुंद होत, एकदाचे वर आले.

"किती वजन?" टिटवीने विचारलं.

"स्वतःचं," काका धापा टाकत म्हणाले. "एकदा. फेरी अर्धी."

निवडचाचणीच्या दिवशी काका दांडीजवळ बसले होते, आणि दांडीकडे नाही, पोरीच्या गुडघ्याकडे बघत होते. ती धावत आली, पाय टेकला, गुडघा सरळ राहिला, आणि त्यानंतर ती कुठे गेली ते त्यांनी पाहिलंच नाही, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले होते. लोकांच्या टाळ्या ऐकून उघडले. बाईंनी येऊन त्यांच्या हातात चिठ्ठी दिली. 'निवड झाली. व्यायाम चालू ठेवा.' आणि खाली, जरा लहान अक्षरात: 'लोखंड नको.'

त्या संध्याकाळी नोंदवहीत मोकळा राहिलेला उंचीचा रकाना भरायचा होता. काकांनी पोलादी टेप काढली, टिटवीला चौकटीशी बोलावलं, मग काय वाटलं कोण जाणे, टेप परत गुंडाळून ठेवली. खुंटीवरची विजार घेतली, दुमड उलटली, जुन्या रेघेपासून नव्या शिवणीपर्यंत आपली बोटं आडवी ठेवून बघितली. मग सव्वीस वर्षांच्या नोकरीला स्मरून, सुवाच्य अक्षरात, त्यांनी लिहिलं:

वाढ: दोन बोटं.